दहावीच्या परीक्षेत वाचकाने प्रश्नपत्रिका नेमकी कशी वाचून दाखवावी?

प्रश्न (मराठी शिक्षिका, सातारा जिल्हा)

नमस्कार. मी एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. या वर्षी आमच्या दहावीच्या वर्गात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला एक विद्यार्थी आहे. तोंडी विचारले तर विज्ञानातील कार्यकारणभाव तो वर्गातील पहिल्या पाच मुलांइतका नीट सांगतो. परंतु छापील परिच्छेद समोर आला की जोडाक्षरांपाशी अडखळतो, मधली ओळ सुटते आणि दुसऱ्या ओळीवर पोहोचेपर्यंत पहिल्या ओळीचा अर्थ निसटून गेलेला असतो. त्याला वाढीव वेळ आणि लेखनिक मंजूर झाला आहे. बोर्डाच्या परीक्षेत नववीतील एक विद्यार्थिनी त्याची लेखनिक म्हणून बसेल आणि तीच त्याला प्रश्नपत्रिका वाचून दाखवेल. तिला पूर्वपरीक्षेपर्यंत तयार करण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिली आहे.

सहामाही परीक्षेत मी स्वतःच त्याला प्रश्नपत्रिका वाचून दाखवली होती. विज्ञानाच्या पेपरात भिंगाच्या शक्तीचे एकक विचारले होते आणि खाली चार पर्याय होते. मी ते चारही वाचले. पेपर संपल्यावर वर्गाबाहेर तो मला म्हणाला, ‘‘बाई, मला येत होतं, पण तुम्ही डायॉप्टरपाशी थांबलात.’’ मी थांबले होते हे माझ्या लक्षातही आले नव्हते. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही, कारण मी शिक्षिका असूनही माझ्याकडून असे झाले, तर चौदा वर्षांच्या मुलीने हे कसे सांभाळावे?

माझ्या शंका अशा आहेत. वाचताना आवाज कसा ठेवावा? एखाद्या शब्दाचा अर्थ त्याने विचारला तर सोपा पर्यायी शब्द द्यावा का? एकच प्रश्न किती वेळा वाचावा? आणि सर्वांत मोठी अडचण माझ्याच विषयाची आहे: ‘लेखननियमांनुसार अचूक शब्द ओळखा’ किंवा ‘योग्य विरामचिन्हे वापरा’ हे प्रश्न मोठ्याने वाचायचे तरी कसे?

उत्तर (विशेष शिक्षक, ठाणे)

बाई, आपल्या हातून जे झाले ते हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एकदा तरी झालेले असते. ज्याला उत्तर माहीत आहे त्याचा आवाज ते उत्तर लपवू शकत नाही. म्हणूनच लेखनिक आणि वाचक एक इयत्ता खालचा असावा, हा नियम मला योग्य वाटतो. नववीच्या मुलीला डायॉप्टर हे उत्तर आहे हे ठाऊक नसेल, तर ती तिथे थांबणारही नाही.

प्रथम बसण्याविषयी सांगतो, कारण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. वाचणाऱ्याने विद्यार्थ्यासमोर बसू नये, शेजारी बसावे. समोर बसले की मुलगा कागदाकडे न पाहता वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो, आणि भुवई उंचावणे, पेन हातात घेणे, अशा हालचालींतून त्याला हवे ते कळत जाते. शेजारी बसून प्रश्नपत्रिका दोघांच्या मध्ये ठेवावी आणि वाचत असलेल्या ओळीखाली पट्टी धरावी. या मुलाला दिसते, अडचण ओळ धरून ठेवण्याची आहे. पट्टी सरकत गेली की डोळा आणि कान एकाच शब्दावर राहतात.

पर्याय वाचताना सुरुवातीला ‘अ, ब, क, ड’ ही अक्षरेही प्रत्येक वेळी म्हणावीत आणि चारही पर्यायांनंतर सारखाच विराम घ्यावा. शेवटच्या पर्यायावर आवाज खाली आणण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे ‘ड’ हा निकालासारखा ऐकू येतो. ही सवय मोडण्यासाठी मी वाचणाऱ्या मुलांकडून रोज दहा मिनिटे भाजीची यादी वाचून घेतो: मेथी, पालक, चवळी, अंबाडी. यादीत बरोबर-चूक काही नसते, त्यामुळे सपाट आवाज म्हणजे काय हे त्यांना चटकन कळते. मग त्याच आवाजात पर्याय वाचायला लावतो. मात्र प्रश्नात ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘वगळता’ असे शब्द ठळक छापलेले असतील तर त्यांच्यावर तेवढा जोर द्यावा, कारण तो जोर कागदावर आहे. ठळक छापलेले नसतील तर देऊ नये.

शब्दाचा अर्थ सांगू नये. सोपा पर्यायी शब्द देणे म्हणजे अर्थ सांगणेच होय. तो प्रश्न पुन्हा वाचावा, हवा तर अधिक सावकाश वाचावा, पण शब्द तेच ठेवावेत. किती वेळा वाचावा याला मर्यादा नसावी. तो मागेल तितक्या वेळा वाचावा आणि दहाव्या वेळचे वाचन पहिल्या वेळेसारखेच असावे. हे सर्वांत अवघड आहे, कारण पुन्हा वाचताना माणूस नकळत समजावून सांगू लागतो.

आता आपल्या विषयाकडे येतो. ‘आशिर्वाद, आशीर्वाद, आर्शीवाद, आर्शिवाद’ असे चार पर्याय असतील तर पहिले दोन बोलताना सारखेच ऐकू येतात आणि उरलेल्या दोघांचा रफार वाचणारा स्वतःच्या सवयीने बरोबर जागी उच्चारतो. म्हणजे साधेपणाने वाचले तर चार पर्यायांचा एकच शब्द होतो. येथे शब्द न म्हणता अक्षरे सांगावीत: ‘आ, श ला पहिली वेलांटी, व ला काना, त्यावर रफार, द.’ चारही पर्याय याच पद्धतीने आणि याच वेगाने सांगावेत. यातून उत्तर सुचवले जात नाही, कारण डोळस वाचकाला कागदावर जे दिसते तेवढेच त्याच्या कानावर पडते. विरामचिन्हांच्या प्रश्नात याउलट करावे. तेथे वाक्य विरामचिन्हांशिवाय छापलेले असते, म्हणून ते शब्द-शब्द, मध्ये समान अंतर ठेवून वाचावे. नेहमीच्या लयीत वाचले तर स्वल्पविराम आपल्या श्वासातून सांगितला जातो आणि प्रश्नार्थक वाक्याचा शेवट वर गेला की प्रश्नचिन्हही.

कृतिपत्रिकेतील, म्हणजे भाषेच्या प्रश्नपत्रिकेतील, आकृतिबंधांसाठी आधीच एक रीत ठरवून ठेवावी. मी मुलांना असे सांगायला शिकवतो: ‘मध्ये एक चौकट आहे, तिच्यात अमुक शब्द आहेत, तिच्यापासून चार रेषा निघतात, प्रत्येक रेषेच्या टोकाला रिकामी चौकट आहे.’ ओघतक्ता असेल तर बाणाची दिशा आणि कोणती चौकट भरलेली आहे तेही सांगावे. वाचणाऱ्याने केंद्रावर बसल्यावर रचना शोधू नये. मागील वर्षांच्या कृतिपत्रिकांवर सराव झालेला असावा.

गणिताबद्दल दोनच गोष्टी सांगतो. ‘एक्स अधिक दोन छेद तीन’ असे वाचले तर छेद फक्त दोनला आहे की पूर्ण पदावलीला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘अंशस्थानी एक्स अधिक दोन, छेदस्थानी तीन’ असे म्हणावे. कंस उघडला आणि कंस पूर्ण झाला हेही उच्चारावे. दुसरी गोष्ट मराठी संख्यानामांची. आपण लिहितो आधी सहा आणि मग सात, पण म्हणतो ‘सदुसष्ट’, म्हणजे सात आधी ऐकू येतो. वाचन अक्षमता असलेले मूल अशा वेळी ७६ लिहून मोकळे होते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा गोंधळ तर शिक्षकांनाही परिचित आहे. म्हणून संख्या वाचल्यावर लगेच ‘सहा, सात’ असे अंक क्रमाने सांगावेत. ते अंक कागदावर आहेतच, त्यामुळे हे अधिकचे साहाय्य ठरत नाही.

उत्तर (बँक अधिकारी, नाशिक, पूर्ण दृष्टिहीन)

माझा अनुभव ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. मी दहावीपासून पदवीपर्यंतच्या सर्व परीक्षा वाचक-लेखनिकाच्या मदतीने दिल्या आणि पुढे नोकरीच्या स्पर्धा परीक्षाही. इतक्या वर्षांत माझे सर्वाधिक नुकसान कोणी चुकीचे वाचल्यामुळे झाले नाही, न वाचल्यामुळे झाले. एका पेपरात पान उलटताना वाचकाकडून चार गुणांचा एक उपप्रश्न राहून गेला. तो मी सोडवला असता. घरी आल्यावर मित्राशी बोलताना मला प्रथमच कळले की असा प्रश्न होता.

तेव्हापासून मी एक पद्धत ठरवली आणि ती या विद्यार्थ्यालाही सांगावी अशी माझी विनंती आहे. पेपर हातात आल्यावर पहिली पाच मिनिटे वाचकाने फक्त सांगाडा सांगावा: एकूण प्रश्न किती, प्रत्येकात उपप्रश्न किती, कोणत्याला किती गुण आणि कोठे ‘कोणतेही दोन’ आहे. हा सांगाडा डोक्यात बसला की कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे परीक्षार्थी ठरवू शकतो. हा निर्णय त्याचाच असला पाहिजे. पुष्कळ वाचक मुलाला विचारल्याशिवाय पहिल्या प्रश्नापासून ओळीने सुरू करतात, आणि डोळस मूल जसे आधी पूर्ण पेपरवर नजर फिरवते तशी संधी या मुलाला मिळतच नाही.

‘पुन्हा वाच’ असे म्हणायला संकोच वाटतो, हेही सांगितले पाहिजे. मी शाळकरी वयात तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी अंदाजाने उत्तर दिलेले आहे, केवळ समोरच्या मुलाचा श्वास जड झालेला ऐकू आला म्हणून. त्या मुलाचा दोष नव्हता. तीन तास वाचून तोही थकला होता. त्यामुळे दोघांमध्ये एक खूण ठरलेली असावी. बाकावर बोट एकदा वाजवले तर पुन्हा वाचायचे, दोनदा वाजवले तर पुढे जायचे. बोलावे लागत नाही, म्हणून विचारणे सोपे जाते.

नियमांचेही थोडे सांगतो. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ द्यावयाचा होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिक दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून तो योग्य आहे की नाही हे पाहण्याची मुभाही त्या सूचनांत होती. त्यांनुसार एका विषयाला एकच लेखनिक असे, पण वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगळा घेता येत असे. आपली नववीतील विद्यार्थिनी मराठी उत्तम आणि इंग्रजी अडखळत वाचत असेल तर इंग्रजीसाठी दुसरी व्यक्ती मागण्यास संकोच करू नये. मंडळाच्या कामकाजाचे तपशील मात्र विभागीय मंडळाकडून लेखी घ्यावेत.

उत्तर (निवृत्त शिक्षक व परीक्षक, कोल्हापूर)

वरील दोन्ही उत्तरे मी काळजीपूर्वक वाचली आणि त्यांतून पुष्कळ शिकलो. तरीही एक शंका मांडतो. ती कोणाच्या हक्काविरुद्ध नाही, असे कृपया समजावे. मी अनेक वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. विज्ञानाचा वा इतिहासाचा पेपर वाचून दाखवला तर मला काहीच खटकत नाही, कारण तेथे वाचनाची परीक्षा नसते. पण अपठित उताऱ्यावरील आकलन कृतीत आपण नेमके काय तपासतो? मूल स्वतः वाचून समजून घेते की नाही, हेच ना? उतारा वाचून दाखवला तर ती ऐकण्याची परीक्षा होत नाही का? आणि कविता वाचणाऱ्याने लयीत वाचली, तर तिच्या अर्थाचा निम्मा भाग त्या लयीतूनच पोहोचतो.

उत्तर (विशेष शिक्षण साहाय्यक, न्यू जर्सी)

सर, आपण विचारलेल्या प्रश्नावर इकडे अमेरिकेत फार काळ वाद चालू आहे, आणि मी रोज त्याच कामात असल्यामुळे लिहिते. येथे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात किंवा १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खालील योजनेत वाचून दाखवण्याची सोय लिहिलेली असावी लागते. गणिताचा पेपर वाचून दाखवण्याबाबत नियम बरेच सैल आहेत. भाषेच्या पेपरातील उताऱ्यांबाबत मात्र ते कडक आहेत; ज्या मुलांना छापील मजकूर वाचणे जवळजवळ अशक्य होते त्यांच्यासाठीच परवानगी मिळते. आणि ‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीत वाचनाच्या परीक्षेतील उतारे कोणालाही वाचून दाखवता येत नाहीत, कारण ती चाचणी वाचन मोजण्यासाठीच आहे. म्हणजे आपली शंका रास्त आहे, हे येथील चाचण्या तयार करणाऱ्यांनीही मान्य केले आहे.

पण सर, तिसरी-चौथीच्या मुलाला अक्षरे जुळवून वाचता येते का, हे पाहणे आणि दहावीच्या मुलाला लेखकाचे म्हणणे कळते का, हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकलन कृतीत कारणे शोधा, स्वमत लिहा, असे विचारलेले असते. दृष्टिहीन मुलाला तोच उतारा ब्रेलमधून किंवा वाचकाकडून मिळतो आणि त्याच्या आकलनाबद्दल आपण शंका घेत नाही. या मुलाच्या अडचणीचे नाव निराळे असले तरी त्याच्या आणि अर्थाच्या मध्ये उभी असलेली भिंत तशीच आहे. महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत औपचारिक सोयी १९९६ मध्येच दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतली. लेखनदोषांकडे दुर्लक्ष करण्याचीही तरतूद त्या जुन्या सोयींत होती. ‘सवलत’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की गुणांत सूट दिल्यासारखे वाटते. मी मुद्दाम ‘सोय’ म्हणते.

कवितेबाबत आपले म्हणणे मला पूर्ण पटते. आम्हाला दिलेल्या सूचनांत भावनाविरहित, एकसारख्या आवाजात वाचण्यावर भर असतो. आता बहुतेक मुले संगणकाच्या आवाजात पेपर ऐकतात. त्या आवाजाला उत्तर माहीत नसते आणि तो विसाव्यांदाही थकत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण नावांचे उच्चार तो इतके विचित्र करतो की काही मुले पुन्हा माणसाकडे येतात. ‘चाल लावू नका, ओळीच्या शेवटी सारखा विराम घ्या’ एवढी सूचना नववीतील मुलीला पुरेशी होईल. ओळ जेथे छापताना तोडली आहे तेथेच थांबायचे, अर्थ जेथे पूर्ण होतो तेथे नव्हे.

आणखी एक. पूर्वपरीक्षेची वाट न पाहता आतापासून प्रत्येक घटक चाचणी त्याच मुलीच्या आवाजात होऊ द्या. ऐकून उत्तर देणे हेही कौशल्य आहे आणि ते थेट बोर्डाच्या केंद्रावर शिकता येत नाही.

उत्तर (पालक, पुणे)

माझ्या मुलीला लेखन अक्षमता आहे. प्रमाणपत्रावरील टक्केवारी ४० पेक्षा कमी असल्याने सोय मिळणार नाही, असे आम्हाला एका ठिकाणी तोंडी सांगण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्के वा अधिक अक्षमता असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे, आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने लिहिण्यास अडचण असलेल्या अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. ज्यांना तोंडी नकार मिळतो त्यांनी लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर मागावे. आम्ही तसे केले आणि अडचण दूर झाली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या सरांची शंका मलाही होती, ती त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली याचा आनंद वाटला.

या शनिवारी शाळा सुटल्यावर दोघांना ग्रंथालयात बसवले आणि मागच्या वर्षीची मराठीची कृतिपत्रिका दिली. मी मुद्दाम दूर, कपाटाजवळ बसले. तिने आधी सांगाडा सांगितला आणि त्याने व्याकरणाचा प्रश्न प्रथम घ्यायचे ठरवले. मी त्याच्या जागी उताऱ्यापासून सुरुवात केली असती. आकृतिबंध सांगताना ती दोनदा गोंधळली, त्यासाठी आणखी सराव लागेल. भाजीच्या यादीचा उपयोग झाला, पर्याय तिने चांगले सपाट वाचले. अचूक शब्दाच्या प्रश्नाला तिने चारही पर्याय वेलांट्यांसह अक्षरशः सांगितले. तो डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या पर्यायानंतर त्याने बाकावर एकदा बोट वाजवले आणि म्हणाला, ‘‘रफार कोणावर आहे, ते परत सांग.’’